एक प्रोग्रॅम, तीन संगणक : लिबरऑफिस सुरू करतानाचे पर्याय कसे ठरवावेत

दिवाळी अंकाच्या कामात एकच मजकूर अनेक हातांतून जातो. संपादकाच्या टेबलावर विंडोजचा संगणक असतो, मुद्रिते तपासणारा घरी लिनक्सवर बसतो आणि सजावट पाहणाऱ्याकडे मॅक असतो. तिघेही लिबरऑफिस हा लेखन-हिशेबाचा मोफत प्रोग्रॅम-संच वापरत असतील, तर फाइल सगळीकडे उघडते. मात्र प्रोग्रॅम कोणत्या सेटिंगसह उघडावा, थेट रायटर हा लेखनाचा विभागच उघडावा की आधी सुरुवातीचे पान दिसावे, अंकाच्या कामासाठी जमवलेला शब्दसंग्रह आणि ऑटोकरेक्टची यादी घरगुती पत्रव्यवहारापासून वेगळी राहावी की नाही, हे सारे प्रोग्रॅमला सुरू होण्याच्या क्षणीच सांगावे लागते. ते सांगण्याचे साधन म्हणजे लाँच ऑप्शन, अर्थात सुरू करतानाचे पर्याय. हे पर्याय तिन्ही प्रणालींवर जवळजवळ सारखेच आहेत. ते लिहून ठेवण्याची जागा मात्र प्रत्येक प्रणालीत निराळी आहे आणि बहुतेकांची गाडी अडते ती तिथेच.

आरंभी लिपीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. या लेखात पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, पण संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची असतात. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसा उल्लेख केला आहे. अचूक स्पेलिंगची शंका आली, तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एसऑफिस (एस, ओ, एफ, एफ, आय, सी, ई) या नावापुढे जागा सोडून --हेल्प असे द्यावे, म्हणजे सगळ्या पर्यायांची यादी थोडक्यात अर्थासह समोर येते. विंडोजवर ही यादी पाहण्यासाठी लिबरऑफिसच्या प्रोग्रॅम या फोल्डरमधील एसऑफिस.कॉम ही फाइल वापरावी, कारण कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीत उत्तर छापण्यासाठीच ती ठेवलेली आहे.

पर्याय कोण वाचतो आणि केव्हा

डेस्कटॉपवरचे चित्र म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. त्या चित्रामागे एक ओळ लिहिलेली असते : अमुक फाइल चालवा आणि तिला हे शब्द द्या. विंडोजमध्ये ही ओळ शॉर्टकटच्या टार्गेट या चौकटीत असते, लिनक्समध्ये .डेस्कटॉप या शेवटाच्या एका साध्या मजकूर-फाइलीत असते आणि मॅकमध्ये सामान्य वापरकर्त्याला हात घालता येईल अशी ती कुठेच नसते, म्हणून तिथे आपल्याला ती बनवावी लागते. प्रोग्रॅम हे शब्द सुरू होताना एकदाच वाचतो. तो आधीच चालू असेल, तर शॉर्टकटमध्ये केलेला बदल तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत दिसत नाही.

लिबरऑफिसच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. एका प्रोफाइलवर, म्हणजे आपली सेटिंग ठेवणाऱ्या एका फोल्डरवर, एका वेळी त्याची एकच प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्रॅम) चालते. रायटरची एक खिडकी उघडी असताना आपण दुसऱ्यांदा एसऑफिस चालवले, तर नवी प्रक्रिया चालू असलेल्या जुन्या प्रक्रियेला निरोप देते आणि स्वतः संपते. फाइल उघडण्याचा निरोप असेल तर कोणाला काही कळतही नाही. पण सुरुवातीलाच लागू व्हायचा असा एखादा पर्याय त्यात असेल, तर तो वाया जातो आणि त्याबद्दल कोणतीही सूचना येत नाही. पर्याय बरोबर लिहूनही काम का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इतकेच असते की मागे कुठेतरी एक खिडकी उघडी राहिलेली आहे. विंडोजवर क्विकस्टार्टर, म्हणजे प्रोग्रॅम लवकर उघडावा म्हणून तो मागे तयार ठेवणारी सोय, चालू असेल, तर सगळ्या खिडक्या मिटल्यावरही ही प्रक्रिया घड्याळाजवळच्या लहान चित्राच्या रूपाने जिवंत असते. तेही बंद करावे लागते.

रोजच्या उपयोगाचे पर्याय

--रायटर, --कॅल्क, --इम्प्रेस आणि --ड्रॉ हे पर्याय सुरुवातीचे पान टाळून त्या त्या विभागाचा कोरा दस्तऐवज उघडतात. --व्ह्यू या पर्यायाने फाइल केवळ वाचण्यासाठी उघडते. अंतिम मुद्रित कोणाला दाखवताना चुकून अक्षर बदलू नये, यासाठी तो चांगला आहे. एकच जोडरेषा आणि एन हे अक्षर दिले, तर फाइल नमुना म्हणून उघडते, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि समोर तिची नवी, नाव नसलेली प्रत येते. मानधनाची पत्रे, पावत्या, लेखकांना पाठवायची विनंतीपत्रे यांच्यासाठी मी हाच पर्याय सुचवीन, कारण जुन्या पत्रावर नवे पत्र सेव्ह होण्याची चूक त्याने मुळातच टळते.

--सेफ-मोड हा पर्याय 2017 मध्ये आलेल्या 5.3 या आवृत्तीपासून आहे. प्रोग्रॅम उघडताच बंद पडत असेल किंवा मेनू गायब झाले असतील, तर हा पर्याय तात्पुरते कोरे प्रोफाइल घेऊन सुरू होतो आणि जुन्या प्रोफाइलमधील एक्स्टेन्शन बंद करणे, हार्डवेअरची मदत बंद करणे किंवा सगळे मूळपदावर आणणे असे उपाय पुढे ठेवतो. यातील शेवटचा उपाय घाईने निवडू नये.

--नोरिस्टोर या पर्यायाबद्दल थोडे सावध करणे मला गरजेचे वाटते. वीज गेल्यावर किंवा प्रोग्रॅम कोसळल्यावर पुढच्या वेळी फाइली परत मिळवण्याची जी खिडकी येते, ती हा पर्याय बंद करतो. त्या खिडकीचा कंटाळा येऊन काही जण तो शॉर्टकटमध्ये कायमचा घालून ठेवतात. ज्या गावात दिवसातून दोनदा वीज जाते, तिथे असे करणे म्हणजे तासाभराचे लेखन पणाला लावणे होय. एखादी बिघडलेली फाइल परत परत उघडू पाहते आणि प्रत्येक वेळी प्रोग्रॅम पाडते, अशा प्रसंगी एकदाच, टर्मिनलमधून हाताने लिहून तो वापरावा.

वेगळे प्रोफाइल : सर्वांत कामाचा पर्याय

प्रोफाइल म्हणजे आपली सेटिंग, टूलबारची रचना, मॅक्रो, ऑटोटेक्स्ट, ऑटोकरेक्टच्या याद्या आणि आपण शब्दसंग्रहात घातलेले शब्द ठेवणारा फोल्डर. लिनक्सवर तो आपल्या होम फोल्डरमधील .कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात, विंडोजवर अ‍ॅपडेटामधील रोमिंगमध्ये आणि मॅकवर लायब्ररीतील अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये असतो. तिन्ही ठिकाणी लिबरऑफिस नावाच्या फोल्डरात 4 आणि त्याच्या आत युजर अशी रचना सापडते. हा 4 पाहून जुनी आवृत्ती बसली आहे असे समजू नये. 2024 पासून आवृत्त्यांना 24.2 असे वर्ष आणि महिन्याचे क्रमांक मिळू लागले, तरी प्रोफाइलच्या फोल्डरचे नाव तेच राहिले आहे.

-एनव्ह:युजरइन्स्टॉलेशन= हा पर्याय प्रोग्रॅमला सांगतो की नेहमीचे प्रोफाइल सोडून हे दुसरे घे. यात आरंभी एकच जोडरेषा असते, एनव्ह म्हणजे ई, एन, व्ही ही तीन अक्षरे, त्यानंतर अपूर्णविराम, आणि युजरइन्स्टॉलेशन या जोडशब्दात यू आणि आय ही दोन अक्षरे मोठी असतात. बरोबरच्या चिन्हापुढे फोल्डरचा पत्ता नेहमीच्या रूपात चालत नाही. तो फाइल:/// असा सुरू होतो, म्हणजे फाइल हा शब्द, अपूर्णविराम आणि तीन पुढे झुकलेल्या तिरप्या रेषा. विंडोजवरही त्यापुढे सी:/एलओ-अंक असे पुढे झुकलेल्या रेषांनीच लिहायचे असते. विंडोजच्या सवयीने मागे झुकलेली रेष दिली, तर प्रोफाइल तयार होत नाही. फोल्डरच्या नावात जागा असेल, तर तिच्याऐवजी टक्केचिन्ह आणि 20 लिहावे लागते. हा सगळा त्रास टाळण्यासाठी फोल्डरचे नाव रोमन लिपीत, लहान आणि एकसलग ठेवावे. फोल्डर आधी तयार करण्याची गरज नसते. पहिल्यांदा सुरू होताना प्रोग्रॅम तो स्वतः बनवतो.

दिवाळी अंकासाठी असे एक वेगळे प्रोफाइल ठेवले की त्यात मराठी ही मूळ भाषा ठरवता येते, अंकाच्या शुद्धलेखनाच्या धोरणाप्रमाणे ऑटोकरेक्टची यादी करता येते, आणि त्या यादीचा घरातील इतरांच्या इंग्रजी पत्रांवर परिणाम होत नाही. दोन वेगळ्या प्रोफाइलवर दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू शकतात, हा त्याहून मोठा लाभ. फाइलींचे रूपांतर करताना तो उपयोगी पडतो.

विंडोजवर

डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून न्यू आणि मग शॉर्टकट निवडावे. ब्राउझ करून सी ड्राइव्हमधील प्रोग्रॅम फाइल्स, त्यातील लिबरऑफिस, त्यातील प्रोग्रॅम या फोल्डरातली एसऑफिस.इएक्सइ ही फाइल दाखवावी आणि शॉर्टकटला 'अंक' असे मराठी नाव द्यावे. नंतर त्याच शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे. टार्गेट या चौकटीत प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत दिसेल. ही चिन्हे तिथे असायलाच हवीत, कारण प्रोग्रॅम फाइल्स या नावात जागा आहे. कर्सर शेवटच्या अवतरणचिन्हाच्याही पुढे न्यावा, एक जागा सोडावी आणि मग --रायटर -एनव्ह:युजरइन्स्टॉलेशन=फाइल:///सी:/एलओ-अंक असे लिहावे. पर्याय अवतरणचिन्हांच्या आत गेले, की विंडोज ती सगळी ओळ फाइलचे नाव समजते आणि टार्गेट चौकटीतील नाव वैध नाही असे सांगून ती स्वीकारत नाही.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टास्कबारवर पिन केलेले चित्र हा त्या शॉर्टकटचा स्वतंत्र उतारा असतो. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट बदलला म्हणून तो बदलत नाही, म्हणून जुना काढून नवा पिन करावा. दुसरे म्हणजे फाइल एक्सप्लोररमध्ये एखाद्या दस्तऐवजावर डबल क्लिक केले, तर शॉर्टकटचा काही संबंध येत नाही. तो दस्तऐवज विंडोजच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे, नेहमीच्या प्रोफाइलमध्ये उघडतो. अंकाचे प्रोफाइल हवे असेल, तर आधी 'अंक' हा शॉर्टकट उघडावा आणि फाइल त्यातील ओपन या आज्ञेने उघडावी, किंवा फाइल उचलून शॉर्टकटच्या चित्रावर सोडावी.

लिनक्सवर

लिनक्समध्ये प्रोग्रॅमच्या मेनूतील प्रत्येक नोंद म्हणजे यूएसआर, शेअर, अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरमधील एक मजकूर-फाइल असते. ती जागेवर बदलू नये, कारण पुढचे अपडेट आपला बदल पुसून टाकते. तिची प्रत होम फोल्डरमधील .लोकल, शेअर, अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरात घ्यावी. प्रतीचे नाव तेच ठेवले, तर आपली फाइल मूळ फाइलीला झाकते. नाव वेगळे दिले, तर मेनूत दोन्ही नोंदी दिसतात. अंकाच्या कामासाठी वेगळे नाव द्यावे आणि आतील नेम (पहिले अक्षर मोठे) या ओळीखाली तोच शब्द, त्यापुढे चौकटी कंसात एम-आर हा मराठीचा संकेत देऊन देवनागरी नावाची एक ओळ लिहावी, म्हणजे संगणकाची भाषा मराठी असेल तेव्हा मेनूतही तेच नाव दिसेल.

खरी ओळ असते एक्झेक= ने सुरू होणारी. त्यात लिबरऑफिस --रायटर असे लिहिलेले असते आणि शेवटी टक्केचिन्ह व मोठे यू असते. हे टक्के-यू म्हणजे उघडायच्या फाइलींची जागा होय. ते पुसले, तर मेनूतून प्रोग्रॅम उघडेल, पण फाइल त्याच्या हाती पोहोचणार नाही. आपला प्रोफाइलचा पर्याय त्याच्या आधी घालावा. ही ओळ टर्मिनलमधील कमांडचा अर्थ लावणारा शेल वाचत नाही, म्हणून होम फोल्डरसाठी आपण सवयीने वापरतो ते लाटेसारखे चिन्ह इथे चालत नाही. पूर्ण पत्ता लिहावा. तसेच टक्केचिन्हाला इथे स्वतःचा अर्थ असल्यामुळे पत्त्यात टक्के-20 आले, तर टक्केचिन्ह दोनदा लिहावे लागते. फाइलीच्या तळाशी 'नवा दस्तऐवज' अशा उपनोंदी असतील, तर त्या प्रत्येकीची स्वतःची एक्झेक ओळ असते आणि तीही बदलावी लागते. शेवटी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही कमांड त्या फाइलीवर चालवली, की लिहिण्यातल्या चुका लगेच कळतात.

याच ओळीत प्रोग्रॅमच्या नावाआधी एनव्ह हा शब्द देऊन एखादे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो असे नाव आणि त्याचे मूल्य) फक्त या प्रोग्रॅमपुरते ठरवता येते. उदाहरणार्थ, खिडक्या नीट रंगत नसतील, तर एसएएल_यूज_व्हीसीएलप्लगइन (सगळी अक्षरे मोठी) याला जीटीके3 किंवा जेन हे मूल्य देऊन फरक पडतो का ते पाहता येते. फ्लॅटपॅक या लिनक्सवर प्रोग्रॅम बसवण्याच्या वेगळ्या पद्धतीने बसवलेल्या लिबरऑफिसला मात्र फ्लॅटपॅक रन या कमांडने, त्याचे पूर्ण नाव देऊन सुरू करावे लागते आणि पर्याय त्या नावानंतर येतात.

लिनक्सचा एक गुण म्हणजे दस्तऐवजावर डबल क्लिक केले, तरी .डेस्कटॉप फाइलच वापरली जाते, त्यामुळे आपल्या प्रतीचे नाव मूळचेच असेल किंवा त्या प्रकारच्या फाइली तिनेच उघडाव्यात असे ठरवले असेल, तर विंडोजची मघाची अडचण इथे नसते. उलट बाजूही आहे. पुढे नवी आवृत्ती वेगळ्या पत्त्यावर बसली, तर आपली प्रत जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहते. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून घेतलेली पॅकेजेस ऑप्ट या फोल्डरात आवृत्तीच्या क्रमांकासह बसतात, तिथे हे हमखास होते.

मॅकवर

डॉकमधील चित्राला किंवा फाइंडरमधील एलियसला (मॅकच्या शॉर्टकटला) पर्याय लिहिण्याची चौकटच नसते. मॅकसोबतच येणारा ऑटोमेटर हा प्रोग्रॅम उघडून अ‍ॅप्लिकेशन हा प्रकार निवडावा, त्यात रन शेल स्क्रिप्ट ही कृती ओढून आणावी आणि तिच्यात ओपन -एन -ए लिबरऑफिस --आर्ग्ज असे लिहून पुढे आपले पर्याय द्यावेत. --आर्ग्जच्या आधीचे सारे ओपन या कमांडसाठी असते आणि नंतरचे सारे लिबरऑफिससाठी. -एन गाळले आणि प्रोग्रॅम आधीच चालू असला, तर ओपन केवळ ती खिडकी पुढे आणते आणि पर्याय पोहोचतच नाहीत. तयार झालेले अ‍ॅप्लिकेशन 'अंक' या नावाने सेव्ह करून डॉकमध्ये ओढून ठेवावे.

फाइलींचे एकगठ्ठा रूपांतर

छापखान्यात पाठवण्याआधी साठ-सत्तर लेखांची पीडीएफ हवी असते. --हेडलेस म्हणजे खिडकी न दाखवता काम करणे. --कन्व्हर्ट-टू पुढे पीडीएफ लिहिले की हेडलेस आपोआप लागू होते. --आउटडिर पुढे तयार फाइली कुठे ठेवायच्या तो फोल्डर द्यावा. तो दिला नाही, तर टर्मिनल ज्या फोल्डरात उघडे आहे तिथेच सगळा ढीग पडतो. त्या फोल्डरात त्याच नावाची जुनी पीडीएफ असेल, तर ती न विचारता बदलली जाते, म्हणून प्रत्येक फेरीसाठी नवा फोल्डर करावा. लिनक्स आणि मॅकवर लेखांची नावे एकेक न लिहिता तारांकित चिन्ह आणि .ओडीटी असे देता येते. त्याभोवती अवतरणचिन्हे घालू नयेत.

मी हे पहिल्यांदा केले तेव्हा कमांड दिली, क्षणभरात टर्मिनल पुन्हा मोकळे झाले आणि फोल्डर रिकामाच राहिला. चूक झाल्याचा एक शब्दही छापलेला नव्हता. मी स्पेलिंग तपासले, फोल्डरच्या परवानग्या तपासल्या, आणि मग लक्षात आले की संपादकीयाची फाइल रायटरमध्ये उघडीच होती. निरोप त्या उघड्या प्रक्रियेकडे गेला होता. रूपांतराच्या कमांडला स्वतःचे वेगळे प्रोफाइल दिले आणि संपादकीय तसेच उघडे असताना सगळे लेख पीडीएफ होऊन बाहेर आले. तेव्हापासून रूपांतराची कोणतीही कमांड मी -एनव्ह:युजरइन्स्टॉलेशनशिवाय लिहीत नाही.

पीडीएफ तयार झाल्यावर एखाददोन पाने उघडून पाहावीत. ज्या संगणकावर रूपांतर केले तिथे लेखातील फाँट बसलेला नसेल, तर हेडलेस प्रक्रिया काहीही न सांगता दुसरा फाँट वापरते आणि ओळी इकडच्या तिकडे जातात.

पर्याय पोहोचला का, हे कसे पाहावे

लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, पाथ्स या क्रमाने (मॅकवर टूल्स-ऑप्शन्सऐवजी लिबरऑफिस मेनूतील प्रेफरन्सेसमधून) गेले की ऑटोटेक्स्ट वगैरेंचे पत्ते दिसतात. त्यात आपल्या नव्या फोल्डरचे नाव असेल, तर प्रोफाइल लागू झाले आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स या टॅबवर कमांड लाइन हा स्तंभ चालू करता येतो, आणि लिनक्स व मॅकवर पीएस ही कमांड तेच दाखवते. प्रक्रियेला खरोखर कोणते शब्द मिळाले, हे तिथे अक्षरशः वाचता येते.

तिथे वाचताना सर्वांत जास्त आढळणारी चूक डोळ्यांना सहजासहजी दिसत नाही. कमांड कोणी संदेशातून पाठवली असेल किंवा आपणच ती एखाद्या दस्तऐवजात टिपून ठेवली असेल, तर ऑटोकरेक्टने दोन जोडरेषांची एक लांब रेघ आणि सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे केलेली असतात. वाचायला ओळ तीच, पण प्रोग्रॅमच्या लेखी तो पर्यायच नसतो. तो त्या नावाची फाइल शोधू लागतो. म्हणून कमांड साध्या मजकूर-फाइलीत जपाव्यात आणि जोडरेषा स्वतः टाइप कराव्यात, तेही कळफलक मराठीवर नाही याची खात्री करून.

हीच पद्धत इतर प्रोग्रॅमनाही लागू पडते. फायरफॉक्सला --प्रोफाइल पुढे फोल्डरचा साधा पत्ता देता येतो, क्रोमला --युजर-डेटा-डिर=, आणि क्रोममध्ये व्हर्जनचे आतील पान उघडले तर कमांड लाइन या शीर्षकासमोर मिळालेले सगळे पर्याय छापलेले दिसतात. शब्द बदलतात, ते लिहिण्याच्या जागा वर सांगितल्या त्याच राहतात.

वेगळे प्रोफाइल नको झाले, तर शॉर्टकट किंवा .डेस्कटॉप फाइल काढून टाकली की पुरते. प्रोफाइलचा फोल्डर मात्र लगेच पुसू नये. त्याच्या युजर या उपफोल्डरातील वर्डबुकमध्ये स्टँडर्ड.डिक ही फाइल असते; वर्षभर मुद्रिते तपासताना शब्दसंग्रहात घातलेला प्रत्येक मराठी शब्द तिच्यात आहे. ती आणि वर्डबुकच्या शेजारचा ऑटोकॉर हा फोल्डर नेहमीच्या प्रोफाइलमधील त्याच जागी, प्रोग्रॅम बंद असताना, कॉपी करून घ्यावा. तिथे त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर तिची एक प्रत बाजूला ठेवावी आणि मगच जुना फोल्डर काढावा.